सुभेदाराचं दुखणं

कवळीकाकांना काळजी करायला कारण लागायचं नाही. आभाळ निरभ्र असलं तरी ते छत्री घेऊन निघत, आणि घराला लावलेलं कुलूप ओढून बघायला अर्ध्या गल्लीतून परत येत. "ह्याला सुखाचा घास मिळाला तरी हा त्यात खडा शोधील," असं त्यांची थोरली बहीण म्हणायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणे. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, आणि लग्नाच्या भानगडीत कधी न पडलेल्या काकांची बोलणी खायची घरबसल्या सोय झाली.

काकांचा धंदा दातांचा. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या जबड्यांचे साचे यायचे आणि काका पुढच्या खोलीत बसून त्यांवर कवळ्या घडवायचे. शेजारीच खिडकीत पिंजरा, आणि पिंजऱ्यात सुभेदार. राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा पोपट. दांडीवरून असा रुबाबात चालायचा, की पहिल्याच दिवशी ताईनं त्याचं बारसं करून टाकलं. काकांचं घासायचं मशीन बंद झालं, की सुभेदार तोंडानं हुबेहूब तेच मशीन सुरू करायचा. कधी ताईच्या आवाजात "अरे, ऐकलंस का?" म्हणून हाक मारायचा आणि काका हातातलं काम टाकून स्वयंपाकघरात जायचे. ताई म्हणायची, "मी कुठे बोलावलं तुला?"

त्या सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर मशीन नाही की हाक नाही. सुभेदार तळाशी कोपऱ्यात बसलेला. पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खालीवर होत होती.

"ताई, हा खाली बसलाय."

"बसेना का! उभं राहून पाय भरून आले असतील."

"अगं, पोपट असा खाली बसत नाही!"

ताई हात पुसत आली, वाकून पाहिलं, आणि तिच्या तोंडातली पुढची थट्टा तिथेच विरली. "शाल आणते," ती म्हणाली. "तू टॅक्सी बघ."

काकांची नजर कामाच्या टेबलाकडे गेली. मनात काय आलं ते त्यांनी ताईला सांगितलं नाही. कवळीच्या हिरड्यांची गुलाबी भुकटी ज्या औषधात कालवतात, त्याला असा उग्र वास असतो, की नवख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. आदल्या दिवशी काम घाईचं होतं, बाहेर धूळ उडत होती, म्हणून काकांनी खिडकी लावून घेतली होती आणि दिवसभर ते औषध वापरलं होतं. पिंजरा हातभर अंतरावर.

टॅक्सीत पिंजरा मांडीवर घेऊन ते शालीच्या फटीतून आत बघत राहिले. खड्डा आला की त्यांचाच जीव वर-खाली व्हायचा. "जरा जपून चालवा हो," ते पुन्हापुन्हा म्हणाले, तेव्हा चालकानं आरशातून विचारलं, "काच आहे का आत?"

"आजारी माणूस आहे," ताई म्हणाली.

पक्ष्यांची डॉक्टरीण वयानं लहान, पण हात सराईत होता. टॉवेलमध्ये सुभेदाराला अलगद धरून तिनं पोट चाचपलं. एरवी परक्याचं बोट फोडणाऱ्या सुभेदारानं चोचसुद्धा उघडली नाही. ते पाहून काकांचा धीर सुटला.

"डॉक्टर, मीच केलं हे," ते म्हणाले, आणि खिडकी, वास, घाईचं काम सगळं भडाभडा सांगून मोकळे झाले.

"तो वास वाईटच, काका. पिंजरा तिथून हलवायलाच हवा," ती म्हणाली. "पण हे दुखणं मला वेगळं वाटतंय. फोटो काढू आपण."

फोटो आला. तिनं तो उजेडात धरला. हाडांच्या बारीक रेघांमध्ये एक गोल सावली होती.

"काका, तुमचा सुभेदार बाई आहे. आणि अडलीये बिचारी. अंडं येऊन मध्येच थांबलंय."

काका फोटोवर वाकले. "पण नर नाही, काही नाही..."

"नराशिवायही अंडं घालतात. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढंच. आणि या जातीत नर-मादी दिसायला अगदी सारखे असतात."

"म्हणजे इतकी वर्षं घरात दुसरं बाईमाणूस होतं," ताई म्हणाली, "आणि सगळा संसार मी एकटी ओढत होते!" पण बोलताना तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

डॉक्टरणीनं आडपडदा ठेवला नाही. अंडं आत फुटलं तर अवघड; फार वेळ राहिलं तरी अवघड. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, इंजेक्शन दिलं, सलाईन टोचलं, आणि तिला दमट ऊब असलेल्या काचेच्या पेटीत ठेवलं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोसल्यानं अंगात चुना कमी पडला होता. "आणि पाठीवरून हात फिरवता का हो?"

"रोज. त्याला... तिला आवडतं."

"ते बंद करा. त्यानं तिला वाटतं जोडीदार आहे, घरटं करावं. फक्त डोकं खाजवायचं."

काकांनी मान खाली घातली. वासाची धास्ती घेऊन आले होते आणि दोष निघाला लाडाचा.

बाहेरच्या बाकावर बसले असताना दातांच्या दवाखान्यातून फोन आला. कवळी आज मिळणार होती, रुग्ण येऊन बसला होता. "आज जमायचं नाही," काका म्हणाले, "घरात बाळंतपण आहे." ताईनं तोंडाला पदर लावला. काका हसले नाहीत. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दार उघडलं, की ते उठायचे. कुणी कुत्रं घेऊन आत गेलं, की पुन्हा बसायचे.

ऊन कलायला लागलं, तेव्हा डॉक्टरीण स्वतः दारात आली. "सुटली," ती म्हणाली.

पेटीत एक पांढरं, खरबरीत कवचाचं अंडं पडलं होतं आणि शेजारी ती गळून बसली होती. पण डोळे पूर्ण उघडे होते. काकांनी काचेवर बोट टेकवलं आणि तिथेच ओक्साबोक्शी रडले. ताईनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

घरी आल्यावर काकांनी कामाचं टेबल मागच्या गॅलरीत नेलं. डॉक्टरणीच्या सांगण्यावरून अंडंही बरोबर आणून पिंजऱ्यात ठेवलं. काढलं असतं तर तिनं बदली दुसरं घातलं असतं. ती त्यावर बसायची, आणि काका चवड्यांवर चालायचे.

"अरे, त्यातून काही निघायचं नाहीये," ताई म्हणायची.

"मला माहितीये. पण तिला माहितीये का?"

मग एके दिवशी ती आपणहून उठली, दांडीवर चढली आणि मटारच्या शेंगेसाठी ओरडली. अंड्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. काकांनी ते हळूच बाहेर काढलं, केराच्या टोपलीपाशी नेलं, आणि तिथूनच डॉक्टरणीला फोन लावला.

"पुन्हा असं होईल का हो?"

"होऊ शकतं, काका. लक्ष ठेवा."

"ते काय, ठेवतोच मी," काका म्हणाले.