सहा तासांचं पाणी

हॉटेलात त्यांना सगळे बंबमामा म्हणत. ऐंशी खोल्या, एक लॉन्ड्री आणि तळघरातला डिझेलवरचा बॉयलर, तो एकट्या मामांच्या ताब्यात. बावीस वर्षांत एका पाहुण्याची गार पाण्याची तक्रार नाही. स्वतः मामा मात्र घरी गारच पाणी अंगावर घ्यायचे. "दिवसभर शेकून निघतो, आणखी कशाला?" म्हणायचे.

खोट एकच होती. बॉयलर रोज नऊ-दहा तास जळायचा आणि मामा रजिस्टरात सहा लिहायचे. मॅनेजरचा हुकूम! मालकापुढे काटकसरीची शेखी मिरवायची होती ना त्याला. वरचं डिझेल तो जनरेटरच्या नावावर ढकलायचा. मामांनी आधी कुरकुर केली, मग हाताला सवयच लागली.

पुढे मालकाने बॉयलर काढून हीट पंप बसवायचं ठरवलं. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र. ना धूर, ना डिझेल. इंजिनीअर बाई आल्या, त्यांनी रजिस्टरं चाळली. "वा मामा, एक दिवस रिकामा नाही! याच आकड्यांवरून यंत्राचं माप ठरवते. आणि चालवायचं तुम्हीच."

मामा तडक मॅनेजरकडे गेले. "साहेब, खरं सांगून टाकू या. सहा तासांच्या अंदाजाने यंत्र आणलं तर थंडीत तोंडघशी पडू."

मॅनेजरने मानही वर केली नाही. "मामींना लॉन्ड्रीत कायम करायची फाइल माझ्याच टेबलावर आहे ना, मामा?"

मामी अकरा वर्षं रोजंदारीवर ओल्या चादरी उपसत होत्या. मामा आल्या पावली तळघरात परतले. काय करणार होते बिचारे!

नवं यंत्र बसलं, थंडी पडली आणि व्हायचं तेच झालं. गार हवेत यंत्राचा जोर आणखी उतरला, सकाळी आठलाच टाक्या रिकाम्या. पाहुणे टॉवेल गुंडाळून काउंटरवर भांडायला! मालकाने सगळ्यांना बोलावलं. रजिस्टरावरून धरलं होतं त्याच्या दीडपट पाणी हॉटेलला प्रत्यक्षात लागतं, हे इंजिनीअर बाईंनी मोजून दाखवलं.

"मग हे सहा तास आले कुठून?" मालक ओरडला.

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. मामींच्या पत्रावर त्याची सही व्हायची होती.

"माझा आळस, साहेब," मामा म्हणाले. "बघायला न जाताच ठोकून द्यायचो."

त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. जाताना मॅनेजरने त्यांच्या पाठीवर हातही ठेवला, मेल्याने!

आठवड्याभराने मामी कायम झाल्याचं पत्र घेऊन घरी आल्या. चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नाही. "अहो, लॉन्ड्रीत सगळ्या माझ्याकडे बघून हसतात. मॅनेजर साहेब देवमाणूस, म्हणून तुमचा राग माझ्यावर काढला नाही. बावीस वर्षं खोटं लिहीत बसलात, लाज कशी वाटली नाही?"

मामांनी पत्राची नीट घडी घालून ते कपाटात ठेवलं. खरं कळलं असतं तर मामींनी ते पत्र उभ्या उभ्या फाडून मॅनेजरच्या तोंडावर फेकलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.