दूध उतू गेलं तरी न विझणारी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सगळ्यांना सांगते, कोणी विचारलं नाही तरी सांगते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, यवतमाळातच सरकारी कचेरीत नोकरी लागली, आणि नवऱ्याच्या नि माझ्या पगारावर तिसऱ्या माळ्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट झाला. पण इतकं शिकूनही एक शेगडी विकत घेताना माझी जी परीक्षा झाली, ती विद्यापीठानं कधी घेतली नव्हती.

मारेगावच्या पुढं आमचं गाव. बाबा गेल्यावर माय तिथं एकटीच राहत होती. मागच्या हिवाळ्यात मी तिला यवतमाळला आणलं, कायमचं राहायचं या बोलीवर. ती फक्त “पाहू” म्हणाली. तिचं “पाहू” म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही.

अडचण एकच होती. करोनाच्या साथीत तिला वास येणं बंद झालं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. गावी चुलीपुढं त्यानं काही बिघडत नव्हतं. धूर डोळ्यांना कळतो. पण आमच्याकडे गॅस. एक दिवस मी कचेरीतून घरी आले, दार उघडलं आणि नाकात भपकारा शिरला. माय ओट्याजवळ बसून शांतपणे मेथी निवडत होती. खिडकीतल्या वाऱ्यानं बर्नर विझला होता आणि बटण उघडंच होतं. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, दिव्याच्या बटणाला हात लावला नाही. माय माझ्याकडे पाहत राहिली. काय झालं ते तिला मी सांगेपर्यंत कळलं नव्हतं, आणि कळल्यावर तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली ती पुन्हा हातात घेतली नाही.

त्या दिवसापासून कचेरीत जाताना मी सिलिंडर बंद करून जाऊ लागले. मायचं जेवण डब्यात झाकून ठेवायची. तिनं आठवडाभर ते खाल्लं. मग एका संध्याकाळी, नवऱ्यासमोरच, मला म्हणाली, “मले पाहुणी करून ठेवलं तुम्ही.”

मी म्हटलं, असं काहून म्हणते.

“वाढलेलं ताट खाणारी बाई घरची नसते व. पाहुणी असते. अन् पाहुण्यानं किती राहावं, त्याले काही रीत हाय का नाही? आयतवारच्या येष्टीनं मी चालली गावाले.”

नवरा म्हणाला, “आई, राहा ना बाप्पा, काय घाई हाय.” तर त्याला म्हणाली, “जावईबापू, तुमच्यावर राग नाही.” म्हणजे राग माझ्यावर होता.

गावी चूल, वाकडी पायरी आणि रात्री हाक मारायला कोणी नाही. तिला परत पाठवायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्यामुळे रविवारच्या आत घरात अशी शेगडी यायला हवी होती, की जी तिनं एकटीनं पेटवली तरी मी कचेरीत बसून निर्धास्त राहीन. इंडक्शन, मी ठरवलं. जाळ नाही, गॅस नाही, वास घ्यायची गरज नाही.

दोन दिवस मी त्याचा अभ्यास केला. अभ्यास करायला मला आवडतं. कचेरीतल्या बायकांना विचारलं, प्रत्येकीनं आपल्या घरची सांगितली आणि दुसरीच्या घरचीला नावं ठेवली. ओट्याजवळचा बोर्ड मिक्सरचा, बारका. इंडक्शनला मोठा पॉइंट लागतो, आणि बिल्डरनं तो दिला होता फ्रिजच्या मागं. नवरा म्हणाला, एक्स्टेन्शन ओढू. मी म्हटलं, दोन हजार वॅटचा भार त्या तारेवर टाकायचा असेल तर आधी मला माझी डिग्री परत करावी लागेल. शेवटी फ्रिज हॉलमध्ये गेला. तो अजून तिथंच आहे. पाहुणे आले की त्यांना वाटतं, नवीन घेतला.

मग भांडी. इंडक्शनवर लोहचुंबकाला चिकटणारंच भांडं चालतं. आमच्या फ्रिजच्या दारावर कळंबच्या चिंतामणी गणपतीचं चित्र असलेलं एक चुंबक होतं, देवळाबाहेरच्या दुकानातून आणलेलं. तेच काढलं आणि शनिवारी सकाळी ओट्यावर सगळी भांडी मांडून बसले. गणपती एकेका भांड्याच्या बुडाला लावायचा, चिकटला तर उजवीकडे, पडला तर डावीकडे. माय आधी लांबून पाहत होती. मग जवळ येऊन बसली आणि भांडी हातात देऊ लागली. स्टीलच्या निम्म्या गंजांना, म्हणजे उभ्या पातेल्यांना, गणपतीनं नापास केलं. पितळेचं पातेलं नापास. गावाहून तिनं आणलेला जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, ज्यात ती आयुष्यभर वरण शिजवत आली, तोही नापास. तिनं गणपती स्वतः लावून पाहिला, दोनदा. तो दोन्ही वेळा घसरून खाली पडला.

“गणपतीले जर्मन चालत नाही,” ती म्हणाली. “लोखंड पाह्यलं का कसा चिपकते. याले पोट भरायचं समजते, पण कायच्यात भरायचं ते बी समजते.” आणि तिनं तो तव्याला लावून ठेवला. मी म्हटलं, बरं झालं, आता ही काही आयतवारी जात नाही. पण तिनं आदल्या दिवशीच पिशवी भरून दाराजवळ ठेवली होती, आणि ती तिथंच होती.

दुपारी दुकानात गेलो, मी आणि माय. दुकानदार मुसलमान गृहस्थ. त्यांचे वडील त्याच जागेत स्टोव्ह दुरुस्त करायचे. आमच्या लग्नातला मिक्सर तिथलाच. मला हवी ती शेगडी मी आधीच ठरवली होती: काळी काच, एकही बटण वर नाही, बोट टेकवलं की चालू. दिसायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत शोभेल अशी. मी बोट टेकवलं, टिक वाजलं, आकडे उमटले. मायला म्हटलं, तू लाव.

मायनं बोट टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, दाबलं, मग अंगठा लावला. कापूस वेचून आणि निंदण करून तिच्या बोटांची कातडी अशी झाली आहे की काचेला तिचा हातच कळेना. मी पदरानं तिचं बोट पुसून दिलं, तेव्हा एकदा टिक वाजलं आणि पुन्हा गप्प.

“हे बी तुह्यासारखंच हाय,” माय मला म्हणाली. “माह्या हातानं हालत नाही.”

दुकानदार हसले. मी हसले नाही. सवयीनं जमेल, असं मी सांगत होते. तेवढ्यात मायनं दुकानदारांना विचारलं, याच्यावर दूध उतू गेलं तं काय होते.

आमच्याकडे नवी चूल मांडली की तिच्यावर पहिलं दूध तापवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. घरात असंच भरून वाहावं म्हणून. त्याआधी त्या चुलीवर दुसरं काही शिजवत नाहीत. मी गृहप्रवेशाला गॅसवर दूध उतू घातलं होतं, आणि मायच त्या वेळी पुढं उभी होती. पण हा प्रश्न दुकानात येईल, असं मला वाटलं नव्हतं. मी तिला हळूच म्हटलं, घरी पाहू. ती म्हणाली, घरी नेल्यावर पाहून काय करू, वापस घेणार हाय का ते?

दुकानदार म्हणाले, “मावशी, पाहून घ्या ना. हातच्या कंगनाले आरसा कायले?” आणि त्यांनी शेजारच्या चहावाल्याकडून दूध मागवलं. शनिवारची दुपार, गिऱ्हाईक कमी. पंखा घ्यायला आलेले एक काका होते, तेही खुर्ची ओढून बसले.

माझ्या काळ्या काचेवर दूध ठेवलं. ते वर आलं, काठावर थरथरलं आणि खाली वाहिलं. काचेवर पसरून आकड्यांपर्यंत पोचलं, तशी शेगडी टिक टिक करायला लागली आणि बंद झाली. दूध लगेच खाली बसलं.

मी म्हटलं, हेच तर चांगलं आहे, पाणी सांडलं की आपोआप बंद. मायनं मान हलवली. “पहिल्याच दिवशी विझणारी चूल मी कायले मांडू?” काकांनीही मान हलवली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग दुकानदारांनी फळीवरून दुसरी काढली. ही जाडजूड, पुढं उठावदार बटणं, एकेक दाबताना खट्ट आवाज करणारी. रंग म्हणाल तर जुन्या रेडिओचा. मी तिच्याकडे इंटरनेटवर एकदाही पाहिलं नव्हतं. मायनं बटण दाबलं, खट्ट, चालू. उरलेलं दूध ठेवलं. ते उतू गेलं, खाली सांडलं, काठावरून ओघळत टेबलावर गेलं आणि दुकानदारांच्या गल्ल्याच्या दिशेनं निघालं. शेगडी चालूच राहिली. मायनं हात जोडले. दुकानदारांनी फडकं उचललं, पण पुसायच्या आधी थांबले.

“मावशी, बरकत तं आमच्याकडे येऊन राह्यली,” ते म्हणाले.

“येऊ द्या बाप्पा. बरकत काही खाल्ल्यानं सरत नाही. मी घरी पुन्हा घालीन.”

मी त्यांना विचारलं, दोन्हींत फरक काय, खरं सांगा. ते म्हणाले, “ताई, दोन्ही चांगल्या. एक शहाणी हाय, एक हट्टी हाय.”

“हट्टी द्या,” माय म्हणाली.

पण मीही तिचीच मुलगी आहे. मी म्हटलं, माझी एक परीक्षा राहिली आहे. शेगडी चालू असताना भांडं उचलून दाखवा. त्यांनी गंज उचलला. शेगडीनं थोडा वेळ टिक टिक केलं आणि स्वतःच बंद झाली. मी बोट जवळ नेलं, मग काचेवर टेकवलं, गरम होती पण भाजणारी नव्हती. ठरावीक वेळानं आपोआप बंद करायचं बटणही होतं. ते मी स्वतः लावून, थांबून, बंद होताना पाहिलं. काका तोवर पंखा न घेता निघून गेले. एवढं झाल्यावर मी म्हटलं, हट्टी द्या.

घरी मायनं शेगडीला हळद-कुंकू लावलं. काचेवर लावू नको म्हटलं, तर काठाला लावलं. पुन्हा दूध उतू घातलं, या वेळी खिडकीच्या बाजूनं, पूर्वेकडे. ओटा मी पुसला. नवरा म्हणाला, आज घरात दुधाचा चहा मिळणार नाही, असं दिसते.

आणि पिशवी दाराजवळच.

रविवारी सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले नाही. हॉलमध्ये फ्रिजला टेकून पेपर वाचत बसले. आतून खट्ट आवाज आला, मग भाकर थापण्याचा. थोड्या वेळानं मायनं हाक मारली. तव्यावरची भाकर फुगत नव्हती. जाळावर धरल्याशिवाय भाकर फुगते कुठं? पोटाला पांढरी, काठाला कडक, पापडाची बहीण दिसत होती.

“ही जावईबापूले दे,” माय म्हणाली. “त्याहिले काही समजत नाही.”

नवऱ्यानं बाहेरून ऐकलं होतं. तरी त्यानं खाल्ली, आणि छान आहे म्हणाला, त्यामुळे मायला जे सिद्ध करायचं होतं ते झालं. दुसरी भाकर करताना तिनं आच वाढवली आणि ओल्या फडक्याच्या बोळ्यानं भाकर चहूकडून दाबत राहिली. ती अर्धी फुगली. तिसरी चांगली पाऊण. चौथी मी उलथली, ती फाटली, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

मग तिनं चून घाटायला घेतलं. चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं. लोखंडी कढईत तेल, मोहरी, लसूण, मिरची. लसूण तांबूस झाला तसा जिन्यापर्यंत वास गेला असणार. माय झारा हातात धरून थांबली. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, “वास सुटला का व?”

इतके दिवस ती झाकलेला डबा उघडून जेवत होती आणि तिला त्याचा वास येत नव्हता, हे मला माहीत होतं. पण रांधणाऱ्या बाईला हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारावा लागतो, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी म्हटलं, “सुटला. लसूण लागायच्या बेतात हाय, पीठ टाक.”

तिनं पीठ टाकलं. त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले, आणि कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी एकाच कामात होतो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईनं दार उघडून विचारलं, आज काय केलं. मायनं तिला वाटीभर चून दिलं आणि वर सांगितलं, भाकर आज पाहू नका, उद्या या.

उद्या, असं ती म्हणाली. मी ऐकलं. नवऱ्यानंही ऐकलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काही बोललो नाही. बोललं असतं तर तिनं शब्द फिरवला असता.

जेवायला बसलो. नवऱ्यानं मुद्दामच विचारलं, “आई, येष्टी किती वाजता हाय म्हणे?”

माय भाकर मोडत होती. म्हणाली, “येष्टीनं काही होत नाही. टेम्पो पाहावा लागन. माह्या घरचा पाटा-वरवंटा आणायचा हाय. मिक्सरच्या चटणीले चव नाही, चव तं मले समजते अजून. ज्वारीचं पोतं बी हाय.” मग तिनं जावयाकडे नीट निरखून पाहिलं. “तीन माळे चढवून पाटा झेपन का हो तुम्हाले?”

नवऱ्याचा घास हातातच राहिला. “किती जड हाय, आई?”

“जड नाही बाप्पा. माह्या सासऱ्यानं बाजारातून डोक्यावर आणलाता.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं आणि आणखी चून वाढून घेतलं.