उलटी गाठ

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. बायको म्हणायची, तुमच्यापुढं भूत आलं तर त्यालाही अर्ज लिहायला लावाल. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते आहे... पण मनात ठेवून ठेवून कंटाळलो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती. मी परभणीतल्या एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड कीपर होतो. मागच्या बाजूची खोली, गज लावलेली एकच खिडकी, छतापर्यंत रॅक आणि त्यांवर लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. आम्ही त्यांना रुमाल म्हणायचो. जागा संपली, तेव्हा साहेबांचा हुकूम आला — निरुपयोगी कागद जाळून टाका.

माझ्या आधीच्या गफूरचाचांनी जाताना एक रीत शिकवली होती. नको असलेला रुमाल लगेच जाळायचा नाही. त्याला उलटी गाठ मारून खालच्या रॅकवर ठेवायचा आणि वर्षभर वाट बघायची. "ज्याची गाठ सुटली, तो कागद अजून कुणाचा तरी हाय बेटा. त्याला काडी लावू नको."

मी तीसेक रुमाल बांधून ठेवले. त्यातला एक होता वसतिगृहाच्या नामंजूर अर्जांचा, अठ्ठ्याहत्तर सालचा. आठवड्याभरात तो उघडा दिसला. गाठ सुटलेली, कापड चारी बाजूंना पसरलेलं. दौलत शिपायाला झापलं. पण खोलीची किल्ली तर माझ्याच करगोट्याला! उंदीर म्हणावं, तर उंदीर कापड कुरतडतो, गाठ सोडत बसत नाही. पुन्हा बांधला. पुन्हा सुटला. मग लक्षात आलं, हे फक्त बाजाराच्या दिवशी होतं.

एका बाजारी मी मुद्दाम त्याच्यासमोर डबा खायला बसलो. काही झालं नाही. माठातलं पाणी घ्यायला वळलो, परत बघतो तर... रुमाल उघडा. डबा तसाच झाकून ठेवला. कुणाला बोललो नाही, हसतील म्हणून.

वर्ष संपलं. साहेब रोज विचारायचे, अजून किती दिवस? गाठ सुटते म्हणून जाळत नाही, असं लिहून देऊ का त्यांना? मागच्या अंगणात सगळे जाळले. तोही जाळला. फक्त कापडं ठेवली, पुन्हा वापरायला.

पुढच्या बाजारी चहाला निघालो, तर फाटकाशी एका म्हातारीनं अडवलं. बोरीची गयाबाई.

"कागदाचे साहेब तुमीच का? माज्या उत्तमचा होस्टेलचा अर्ज हाय तुमच्याकडं. दोनच फोटू काढले व्हते लेकराचे. एक अर्जाला चिटकवला, एक घरी. त्या सालच्या जाळपोळीत घर गेलं, फोटू बी गेला. मागून लेकरू तापानं गेलं. गेल्या साली कुनी सांगितलं, सरकार कागद फेकत न्हाई. मला नुसतं बघायचंय. द्या म्हनत न्हाई."

"आधी का नाही आलात?"

"दर बाजारी येते की! शिपाई म्हनतो, आज न्हाई, पुढच्या बाजारी ये. मग हितंच लिंबाखाली बसते, गाडीच्या टायमापस्तोर."

खरं सांगायला हवं होतं. एक फोटो दंगलीत जळाला, दुसरा मी जाळला. मी म्हणालो, "शोधतो, मावशी." इतका भ्याड मी आहे, हे त्या दिवशी कळलं.

खोलीत येऊन त्या रुमालाचं रिकामं कापड घेतलं, उलटी गाठ मारून जुन्या जागी ठेवलं. कशासाठी, ते विचारू नका. पुढच्या बाजारी गाठ सुटलेली होती. आत काहीच नसलेलं कापड कुणीतरी पसरून बघितलेलं. दर बाजारी तेच. आणि दर बाजारी लिंबाखालून प्रश्न — "गावला का साहेब?"

"शोधतोय."

दिवाळीनंतरच्या एका बाजारी गाठ सुटली नाही. बाहेर येऊन बघितलं, लिंबाखाली कुणी नव्हतं. बोरीच्या एका गुरुजींकडून कळलं, गयाबाई त्याच आठवड्यात वारली होती.

ती कधी त्या खोलीत आली नाही, तिला कुणी येऊच दिलं नाही. मग गाठ कोण सोडत होतं? ती की तिचा उत्तम? मला आजही माहीत नाही. निवृत्त होताना ते कापड मी घरी आणलं. कपाटात आहे, उलटी गाठ मारलेलं. अजूनही बाजाराच्या दिवशी मी कपाट उघडतो. एकदा तरी सुटलेली दिसावी, असं फार वाटतं.

गाठ तशीच असते.