कानसेनाची पितळी तबकडी

कानसेनाची बायको त्याला सोडून गेली, ही बातमी गल्लीत सकाळच्या दुधाबरोबर आली आणि दुपारपर्यंत तिच्यावर जाड साय धरली. कुणी म्हणालं, कडाक्याचं भांडण झालं. कुणी म्हणालं, तो घरातसुद्धा भिंतींना कान लावून बसतो, बिचारी कंटाळली. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने तर दोन सुटकेसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एक सुटकेस म्हणजे माहेर आणि दोन म्हणजे काडीमोड, असा त्याचा ठोकताळा.

यातलं सुटकेसांचं तेवढं खरं. बाकी सगळी साय. बायको गेली ती मुलीकडे, आणि भांडून नाही. सामान कानसेनानेच बसमध्ये चढवलं, तिला खिडकीजवळ बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि बस वळेपर्यंत तो रस्त्यावर उभा राहिला. तिच्या शेजारची जागा त्याचीच होती, तिकीट काढलेलं होतं. त्या जागेवर शेवटी डब्याची पिशवी बसून गेली. पिशवी का गेली आणि माणूस का राहिला, हे इस्त्रीवाल्याला माहीत नाही.

कानसेन रेल्वेच्या साइडिंगला लागून असलेल्या धान्याच्या गोदामात हवेच्या मशीनवर काम करतो. हवेचं मशीन म्हणजे काय, तर घरातला धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर डोळ्यांसमोर आणा आणि त्याचा आडदांड आजोबा कसा असेल याचा अंदाज करा. मालगाडीच्या डब्यात मांडीएवढी जाड नळी सोडायची, ब्लोअर चालू करायचा, की मका, गहू, पेंड जे काही असेल ते हवेबरोबर पाइपातून पळत सुटतं. चार बेंड, म्हणजे वळणं, घेतं, साठ फूट वर चढतं आणि लोखंडी शंकूत शिरतं. तिथे हवा आपल्या वाटेने वर जाते, दाणा आपल्या वाटेने खाली कोठीत पडतो. पोत्याला पाठ लावायची गरज नाही.

सगळी मेख हवेत. हवा जास्त झाली तर दाणा फुटून त्याचा भुगा होतो. कमी पडली तर दाणे पाइपातच अंग टाकतात, एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि पाइप तुंबतो. मग बेंडचे बोल्ट खोला, सळई घालून ढोसा, अर्धा दिवस मातीत. हवा कमी-जास्त करायला एक चाक असतं, आणि चाकामागे शून्य ते दहा आकड्यांची पितळी तबकडी. आठावर लाल रेघ. कुठल्या मालाला कुठला आकडा, ते मशीनच्या पुस्तकात छापलेलं आहे.

गेली बावीस वर्षं कानसेनाच्या हातून पाइप तुंबल्याचं कुणाला आठवत नाही. इतर कुणीही चाकाला हात लावला, की तासाभरात तुंबतो. कानसेन पाइपाला कान लावायचा, डोळे मिटायचा, मान हलवायचा आणि चाक फिरवायचा. त्यावरून हे नाव पडलं. मॅनेजर साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्याच्यापाशी आणून दाखवायचे, जसं काही गोदामाचं ते एक प्रेक्षणीय स्थळ.

आता आतली गोष्ट. बावीस वर्षांपूर्वी साहेबांचा मेहुणा काम शिकायला आला होता. कानसेनाची मुलगी तेव्हा चार वर्षांची. साहेबांचा मेहुणा शिकला की आपलं काय होणार, हे कुणी ज्योतिषाने सांगायची गरज नव्हती. एका जेवणाच्या सुट्टीत कानसेनाने तबकडीचे दोन स्क्रू सैल केले, तबकडी दोन घरं सरकवली आणि स्क्रू परत आवळले. झालं. मेहुण्याने पुस्तकात बघून मक्यासाठी काटा सहावर आणला, पाइपात हवा गेली चारची. आठवड्यात तीनदा पाइप तुंबला. मेहुण्याने हात झटकले आणि चपलांचं दुकान टाकलं, ते अजून छान चालतं.

कानसेन स्वतः पुस्तकातल्या आकड्यात दोन मिळवायचा. कुणाला काटा दिसू नये म्हणून धुळीचं निमित्त करून तबकडीवर फडकं टाकलं. आणि तुम्हाला हे जमतं तरी कसं, असं लोक विचारू लागले तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून पाइपाला कान लावला. पहिले काही दिवस त्याला आत नुसती घरघर ऐकू यायची आणि स्वतःचंच हसू यायचं.

हसू पुढे आटलं. साहेबांनी हाताखाली माणूस दिला नाही, कारण यांच्यासारखं कुणाला जमतच नाही. रजा दिली नाही, कारण यांच्याशिवाय मशीन चालतच नाही. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हा मांडवात कमी आणि फोनवर जास्त. एकदा टायफॉइड झाला तर साहेबांनी गोदामातच खाट टाकून दिली, आणि वर पंखाही. माणसाने स्वतःभोवती भिंत बांधावी, आणि ती पूर्ण झाल्यावर लक्षात यावं की दार ठेवायचं राहिलं, तशातली गत.

मुलीने दुसऱ्या शहरात घर घेतलं, मागची एक खोली आईवडिलांसाठी ठेवली. आईचे गुडघे तिसऱ्या मजल्याला टेकीला आले होते. बायकोने तारीख काढली, एक तारीख. कानसेनाने राजीनामा दिला. साहेबांनी तो खणात ठेवला आणि म्हणाले, माणूस तयार करा आणि खुशाल जा. लागोपाठ तिघे आले. तिघांनी पुस्तक वाचलं, तिघांनी पाइप तुंबवला, तिघे गेले.

तेव्हा कुठे कानसेनाने बायकोला खरं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

"अहो, मग ते दोन स्क्रू परत फिरवा की."

"गंजलेत. वर तीनदा रंग बसलाय. ड्रिलशिवाय निघत नाहीत, आणि ड्रिल लावला की सगळं गोदाम गोळा होईल."

"मग तोंड उघडा. त्याला तर गंज नाही ना चढला?"

चौथी आली ती डिप्लोमा केलेली मुलगी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, की काका, हे फडकं कशाला. धुळीसाठी, असं कानसेन म्हणाला. तिने तबकडीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, धूळ तर फडक्यालाच आहे. चौथ्या दिवशी लपवून लपवून तो थकला. तिला बाजूला घेतलं आणि मेहुण्यापासून सगळं सांगून टाकलं. आता ही हसेल किंवा ओरडेल, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, काका," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही सांगता का बघू."

तिने ड्रिल आणला, स्क्रू उडवले, तबकडी जागेवर बसवली. गोदाम गोळा झालंच. कानसेनाने साहेबांसमोर पुन्हा सगळं कबूल केलं, कान लावणं हे सोंग होतं हेसुद्धा. साहेब ऐकत राहिले आणि खो खो हसले. जायची घाई झाली म्हणून माणूस स्वतःवर काय काय आळ घेतो, म्हणाले. बावीस वर्षं काय दोन स्क्रूंवर चालली? तरी त्यांनी एक केलं. मुलीने आठ दिवस एकटीने मशीन चालवावं, पाइप एकदाही तुंबला नाही तर सही.

सात दिवस मशीन लोण्यासारखं चाललं. कानसेन आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळेत कँटीनमध्ये बसला आणि तिथे किती माशा आहेत हे त्याला समजलं. बसची दोन तिकिटं काढून झाली. बायकोने गाद्या इस्त्रीवाल्याच्या बायकोला देऊन टाकल्या, म्हणजे बातमीचं मूळ कुठे आहे ते बघा.

आठव्या दिवशी दुपारी साहेबांनी त्याला केबिनमध्ये चहाला बोलावलं. टेबलावर राजीनामा, शेजारी टोपण काढलेलं पेन. मुलगी खाली पेंड ओढत होती. ब्लोअरची गुणगुण खिडकीतून येत होती. साहेब जुन्या आठवणी काढत होते, चहा गरम होता, आणि कानसेनाने कप ओठाला लावला तेव्हा गुणगुणीत काहीतरी बदललं.

फार नाही. गाणाऱ्याने आवंढा गिळावा, एवढंच. पण त्याला कळलं. पेंड ओली आहे. तिसऱ्या बेंडला धरतेय. अजून दोन मिनिटं, फार तर तीन.

सोंग कधी संपलं आणि कान कधी खरा झाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. पण आत्ता, या खुर्चीत, त्याला सगळं स्वच्छ दिसलं. गप्प बसलो तर पाइप तुंबणार, मुलगी नापास होणार, मी इथेच. बोललो तर साहेब बघणार की तबकडी सरळ झाली तरी कान तो कानच, मी इथेच. साहेब कुठल्याशा विनोदाच्या शेवटाला आले होते. खाली आवाजाने दुसरा आवंढा गिळला.

ती बिचारी सळई घेऊन अर्धा दिवस बेंडपाशी उभी राहणार, आणि तिने तर फडक्याखालचं ओळखूनही दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं, तोंड त्याला उघडू दिलं होतं. कानसेनाने कप ठेवला, साहेबांच्या टेबलावरचा फोन उचलला आणि खालचा नंबर फिरवला.

"तिसरा बेंड. नळी वर उचल, माल कमी कर. हवा एक घर वाढव. हां. आता थांब तिथेच."

दोघेही ऐकत राहिले. गुणगुण खाकरली, अडखळली आणि हळूहळू पूर्ववत झाली. साहेब खिडकीपाशी गेले, खाली वाकून बघितलं, परत आले आणि पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत, उलट त्यांचा चेहरा खुलला होता. राजीनाम्याची नीट घडी घालून खणात ठेवताना ते म्हणाले, की तबकडी सरळ झाली ना, मग आता हे काय होतं? तुम्ही तर म्हणे सोंग करत होता. एवढं ऐकायला त्या मुलीला शिकवा आणि जा, मी अडवणार नाही. बोला, किती दिवस लागतील?

कानसेनाने उरलेला चहा संपवला. तो गार झाला होता.

"मला बावीस वर्षं लागली, साहेब. त्यातली पहिली कित्येक नुसतं नाटक करण्यात गेली. तिला नाटकापासूनच सुरुवात करायला सांगा."