खारवीण राणी

पाद्री फेलिसियान आमच्या गावात आले, त्या पहिल्याच दिवशी भाटकारांनी, गावच्या जमीनदारांनी, त्यांना जेवायला बोलावलं. आणि हे गेले कुठे? आमच्याबरोबर रापणीचं जाळं ओढायला! झगा कमरेला खोचून, गुडघाभर पाण्यात. माझी सासू रेजिन ओरडली, "पाद्रीबाब, दोर आहे तो, जपमाळ नाही! जरा जोर लावा!"

दोर ओढता ओढता ते आमची गाणी ऐकायचे. घरी जाऊन कविता लिहायचे, त्याही आमच्या कोंकणीत. पोर्तुगीजमध्ये लिहिल्या असत्या तर भाटकारांनी डोक्यावर घेऊन नाचवलं असतं.

एका वर्षी फेस्ताच्या सणासाठी त्यांनी सायबिणीचं गाणं रचलं. देवाची आई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उन्हातून घरी निघालीय, लेकरू भुकेलंय. तिला त्यांनी हाक मारली, 'खारवीण', आमच्यासारखीच मासेवाली. ऐकून मी तर रडलेच.

झालं! भाटकार तियोफिलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "सायबीण काय मासे विकते?" अरे मेल्या, दर शुक्रवारी आमच्याच पाटीतलं इसवण गिळतोस ना? मासे गोड आणि मासेवाली घाण!

त्याने बिशपकडे कागद धाडला. हुकूम आला : गाण्यात सायबिणीला 'राणी' म्हणावे, नाहीतर गाव सोडावे.

सासू हात जोडून म्हणाली, "बाबा, म्हणून टाका राणी. तुम्ही गेलात तर आम्हाला कोण?"

"म्हणतो ना, रेजिनमांय."

खरं सांगते, मला रागच आला. हेसुद्धा वाकले म्हणायचे.

फेस्ताच्या दिवशी इगर्जी, आमचं चर्च, गच्च भरलेली. तियोफिल मानकऱ्यांचा लाल झगा घालून पुढे. पाद्रींनी सूर लावला, "खारवीण राणी..."

तियोफिल ताडकन उठला.

"बसा, भाटकार," पाद्री वेदीवरूनच म्हणाले. "हुकूम राणी म्हणायचा होता, म्हटलं. खारवीण काढा असं कुठे लिहिलंय?"

आठ दिवसांत त्यांना पार घाटाच्या पायथ्याशी धाडलं. सुकी मासळीसुद्धा आठवड्यातून एकदा पोचायची, अशा गावी. तिथेच चार वर्षांनी गेले. वह्या तशाच राहिल्या, छापणार कोण?

नवा पाद्री नुसतं 'राणी' गायचा. आम्ही बायका मागून 'खारवीण राणी' म्हणायचो, भिंती दणाणेपर्यंत. एका रविवारी तो भडकला, "पुन्हा हा शब्द काढाल तर बघा!"

"तर काय?" सासू उभी राहिली. "पाद्रीची बदली करता येते, बाबा. आमची कुठे करणार? दर्यात?"