डावा हात मांडीखाली

त्याला सगळे 'पुन्हाबघ' म्हणायचे. बोल्ट आवळला की पुन्हा बघ, झाकण बसवलं की पुन्हा बघ. दुकानाला कुलूप लावून निघाला तरी कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणारच. शेजारचा टायरवाला म्हणायचा, "हा शिंकला तरी पुन्हा बघतो, खरंच शिंकलो का!"

सव्वीस वर्षं तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडत आला होता. तरुणपणी वस्तादाकडे असताना त्याने गिअरबॉक्स बसवलेली एक गाडी, गिअर पार्कमध्ये असूनही, उतारावरून घरंगळत जाऊन भिंतीवर आदळली. आत कुणी नव्हतं. पण त्या दिवसापासून तो प्रत्येक काम पुन्हा बघायला लागला.

आणि आता पाठच्या बहिणीची शाळेची व्हॅन दुकानात उभी होती. रोज अकरा मुलं बसायची तिच्यात.

"थांबायला गेलं की बंद पडते रे, दादा. रोज नाही. तापली की."

इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, आणि दोनदा दाबलं की ब्रेकही दगड.

"हे बघ," तो हात पुसत म्हणाला, "इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक गोल पेटी असते. आत तेल, आणि समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक फिरवतं, त्याचं तेल उसळून दुसऱ्यावर आदळतं, मग तो फिरतो. एकमेकांना शिवत नाहीत. म्हणून तर तू सिग्नलला ब्रेक दाबून उभी राहतेस आणि इंजिन आपलं चालू राहतं."

"मग बिघडलं कुठे?"

"तेलातून दिलेला जोर थोडा वाया जातो. म्हणून गाडी एका वेगाने पळायला लागली की आत एक चकती चिकटते आणि दोन्ही पंख्यांना एकत्र बांधून टाकते. त्याला लॉक म्हणायचं. ब्रेक मारलास की तिने लगेच सुटायचं. तुझी सुटते, पण उशिरा. तोवर चाकं थांबताना इंजिनाचाही गळा आवळते."

"तुझ्या भावोजींसारखीच म्हणायची. एकदा चिकटले की सुटायचं नाव नाही!"

तो हसला नाही. त्याने गिअरबॉक्स खाली उतरवला. मधलं दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं, बाहेर दातांचं कडं. यातलं कुणाला धरून ठेवायचं आणि कुणाला सोडायचं, यावरच गिअर ठरतो. ते सगळं ठणठणीत होतं. चकतीकडे तेल सोडणारा विजेचा छोटा व्हॉल्व्ह मात्र उशिरा बंद होत होता. त्याने तो बदलला, तेल बदललं, पुन्हा बघितलं.

सकाळी चाचणी झाली. बहीण चालवायला, हा शेजारी, डोळे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याला चिकटवून. गाडी चांगली तापू दिली. साठच्या वेगाला काटा हलकेच दोनशेने खाली बसला: चकती चिकटली. बहिणीने ब्रेक मारला. काटा आठशेवर आला आणि तिथेच राहिला. इंजिन सुरू! सात वेळा थांबवली, सातही वेळा आठशे.

दुपारी बहिणीला दाढ काढायला जायचं होतं. तिचा नवरा स्कूटर दुकानात ठेवून व्हॅन घेऊन शाळेकडे गेला. ती चहा घेत बसली.

"बरं झालं बाई, सुटले," ती गालावर हात ठेवून म्हणाली. "आता ते न्यूट्रल-न्यूट्रल नको खेळायला."

"कसलं न्यूट्रल?"

"अरे, थांबायच्या जरा आधी न्यूट्रलला टाकलं की बंद पडायची नाही. महिनाभर तशीच तर चालवली."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. न्यूट्रलला टाकलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटतो. मग चकती सुटो, न सुटो, काटा आठशेवरच येणार.

"सकाळी? सकाळीपण टाकलंस?"

तिने आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. "हात आपोआप जातो रे, दादा," ती पुटपुटली.

म्हणजे चाचणी झालीच नव्हती. तो काटा बघत बसला, हात बघितलाच नाही. आणि भावोजींच्या हाताला ती सवय नव्हती.

शाळा टेकडीवर. उताराच्या पायथ्याशी चौक, तिथे खडीचे ट्रक. शाळा साडेबाराला सुटायची. बारा वीस झाले होते. त्याने भावोजींना लावलेला फोन वाजून वाजून थांबला. गाडी चालवताना भावोजी फोन घेत नसत, आणि एरवी याला त्याचं कोण कौतुक होतं.

बहिणीने स्कूटर दामटली. मागे बसलेल्या त्याला एकच दिसत होतं: उतार, अकरा डोकी आणि मेलेलं स्टिअरिंग. चौकात गर्दी नव्हती. म्हणजे अजून काही झालेलं नाही, की लोक पांगलेसुद्धा? चढावर समोरून पांढरी गाडी आली की ती बहिणीची व्हॅन आहे का, ते तो मान वळवून बघत होता.

व्हॅन फाटकापाशी होती. मुलं बसलेली, दार लागलेलं, इंजिन सुरू. त्याने खिडकीतून हात घातला आणि किल्ली ओढून काढली.

"अहो, हे काय!" भावोजी दचकले.

"बंद पडली होती का?"

"आत्ता वर आल्यावर, थांबताना एकदा. म्हटलं, पेट्रोलमध्ये कचरा असेल. का?"

शाळेच्या बाई आणि चार पालक बघत होते.

"माझं काम चुकलंय," तो म्हणाला. "मुलांना खाली उतरवा."

"पुन्हाबघने या वेळी बघितलंच नाही वाटतं," एक पालक बोललाच. त्याने मान डोलावली. मुलं शाळेच्या दुसऱ्या गाडीने दोन फेऱ्यांत घरी गेली.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. विजेच्या व्हॉल्व्हच्या पुढे, तेलाच्या वाटेत सरकणारी बोटभर दांडी होती. थंड असताना लोण्यासारखी सरकायची. गरम तेलात बुडवून त्याने ती ढकलली, तर अर्ध्यात अडकली. केसाएवढा ओरखडा. दांडी बदलली, तिचं घरही बदललं.

चौथ्या दिवशी रिकामी व्हॅन तासभर फिरवून, तापवून, दोघं निघाले. बहिणीचा गाल अजून सुजलेला.

"हात," तो म्हणाला.

तिने डावा हात मांडीखाली घातला आणि त्यावर गच्च बसली. "मुंग्या आल्या तर तुझ्या नावाने ओरडेन."

रिकाम्या सपाट रस्त्यावर ती साठने निघाली. काटा खाली बसला. याने दरवाजाची कडी घट्ट धरली. या वेळी त्याचे डोळे काट्यावर नव्हते, तिच्या मांडीवर होते.

तिने ब्रेक दाबला. वेग उतरला, चाळीस, वीस, दहा. गाडी थांबली.

इंजिन चालू होतं. गिअरचा लिव्हर ड्राइव्हवरच होता. हात मांडीखालीच होता.

"झालं?" तिने विचारलं.

"पुन्हा," तो म्हणाला, आणि कडी सोडली नाही.