बारकीचे तीन सिनेमे

समोरच्याच्या हनुवटीला हात लावायचा, त्याचं तोंड आपल्याकडे वळवायचं आणि डोळ्यांत बघत विचारायचं, "खरं की शूटिंगमधलं?" ही तिची सवय. उद्या शाळेला सुट्टी आहे असं मी वर्गात सांगितलं की बाकीची मुलं दप्तरं भरायला लागायची आणि ही बाकांमधून पुढे येऊन, टाचा उंचावून, माझ्या हनुवटीला हात लावायची. मुलं हसायची. सुरुवातीला मीही हसले.

तुम्हीही तिला पाहिलं असणार. तीन कौटुंबिक सिनेमांत ती होती, आणि तिन्ही सिनेमे अजून रविवारी दुपारी टीव्हीवर लागतात. दोन वेण्या, पुढचा एक दात अर्धा आलेला, रडायला लागली की आधी खालचा ओठ आत घेणारी. शाळेत आम्ही तिला बारकी म्हणायचो. खरं नाव इथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही, एवढं मला कळतं.

मी तिची वर्गशिक्षिका. आमची शाळा रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला, औद्योगिक वसाहतीच्या पलीकडे. तिचे वडील मुंबईत नोकरीला. आई वसाहतीतल्या काजूच्या कंपनीत भट्टीवर काम करायची. एका वर्षी आमच्या भागात शूटिंग करायला मुंबईहून माणसं आली. त्यांना धाकट्या बहिणीच्या कामासाठी मुलगी हवी होती, म्हणून ते शाळेत आले. दिग्दर्शकाने बारकीला विचारलं, "तुला कविता येते?" ती म्हणाली, "येते. पण तुमी मोबाईल ठेवा खाली, मग म्हणते." तिथल्या तिथे तिची निवड झाली.

आईला रजा मिळत नव्हती. ती मला म्हणाली, "बाई, तुमी जात असाल तर जाऊ दे तिला." सुट्टीच होती. मी गेले.

पहिला सिनेमा मजेत झाला. बारकीला एक आजोबा, एक मोठा भाऊ आणि एक खोटा वाढदिवस मिळाला. शहरातल्या थिएटरात आम्ही सगळी शाळा घेऊन गेलो होतो. नंतर बाजारात लोक मला थांबवून विचारायचे, "त्या बारकीच्या बाई ना तुम्ही?" मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

दुसऱ्या सिनेमात आजोबा वारतात. बारकीला त्यांच्या खाटेशी बसून रडायचं होतं. तिला रडू येईना. ते आजोबा मघाशीच तिच्याबरोबर पेरू खात होते, त्यांच्यासाठी कसली रडणार ती. सहा-सात वेळा झालं. मग दिग्दर्शक उठला, तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिच्या कानात काहीतरी बोलला. मऊ आवाजात बोलायचा तो नेहमी.

बारकीने खालचा ओठ आत घेतला. आणि मग ती जे रडली ते ऐकून लाइटवाल्यांनीही माना खाली घातल्या. दृश्य एका फटक्यात झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तरी तिचं रडणं थांबेना. मी विचारलं, "काय सांगितलंत तिला?"

"काही नाही हो. कंपनीत आई भाजली म्हटलं. आता सांगतो खोटं होतं म्हणून."

त्याने सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "मग आईचा आवाज ऐकवा."

कंपनीत कामावर असताना फोन बाहेर ठेवावे लागतात. जेवणाच्या सुट्टीला दोन तास होते. ते दोन तास बारकी माझ्या फोनकडे बघत माझ्या मांडीवर बसून होती. मला माहीत होतं की सगळं खोटं आहे, तरी थोड्या वेळाने मलाच भट्टी दिसायला लागली, आईचा पदर दिसायला लागला. शेवटी माझे मिस्ड कॉल बघून आईचा फोन आला. "काय गो, काय झालं?" एवढे शब्द ऐकल्यावर बारकीला तिथेच उलटी झाली.

हनुवटीला हात लावून विचारणं तेव्हापासून सुरू झालं. आई कामाला निघाली की विचारायची, कुकरची शिट्टी झाली की विचारायची, मुंबईहून वडिलांचा फोन आला की त्यांनाच विचारायची, "खरं की शूटिंगमधलं?" मी तिला एकदा म्हटलं, "बारके, मी तुला कधीही खोटं सांगणार नाही." तिने माझी हनुवटी धरून खात्री करून घेतली. पुढे कोणी काही सांगितलं की ती आधी माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की तिचा विश्वास बसायचा.

तुम्ही विचाराल, मग तिसऱ्या सिनेमाला तिला पाठवलीच कशाला. दिग्दर्शक शाळेत येऊन हात जोडून म्हणाला, पुन्हा तसं करणार नाही. बारकीलाही जायचं होतं, तिथे तिचे लाड व्हायचे. आई म्हणाली, "बाई असल्या तर माझी हरकत नाय." आणि मला नाही म्हणवलं नाही. बाजारात लोक थांबवतात ते अजून हवं होतं मला.

शूटिंग पूर्णगडला होतं, किल्ल्याच्या खाली, खाडी समुद्राला मिळते तिथे. दृश्य असं की छोटी मुलगी खेळता खेळता होडीत चढते, होडी वाहत निघते आणि तिचे बाबा काठावरून धावत येतात. होडीच्या बुडाला पाण्याखालून दोर बांधलेला होता, त्याचं टोक काठावर दोघांच्या हातात. शिवाय होडीत जाळ्याखाली एक मच्छीमार काका लपून बसणार, असं बारकीला सांगितलं होतं. सकाळी दोनदा तालीम झाली तेव्हा काका खरंच होते. तालमीत ती काकांशी गप्पा मारत होती.

शूटिंगच्या आधी दिग्दर्शकाचा सहायक माझ्याजवळ आला. "बाई, काकांना उतरवलंय. ते आत असले की पोरगी घाबरतच नाही, चेहऱ्यावर काही येत नाही. दोर मजबूत आहे. फक्त तिला सांगू नका."

मी काही बोलायच्या आत बारकी मला दिसली. ती होडीत बसली होती आणि मला बोलावत होती. मी गुडघाभर पाण्यात गेले. तिने वाकून माझ्या हनुवटीला हात लावला. बोटं गार पडली होती.

"बाई, काका आत हायत ना?"

मागे पन्नास माणसं थांबली होती. ऊन उतरत होतं, सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "आहेत."

"खरं?"

"खरं."

तिने हात काढला आणि सरळ बसली.

होडी निघाली. थोडी लांब गेल्यावर बारकीने जाळं उचलून पाहिलं. खाली कोणी नव्हतं. ती उभी राहिली. होडी हलली, ती पडली, पुन्हा काठाला धरून उठली. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "वा. चालू ठेवा, चालू ठेवा." सिनेमातले बाबा ओरडत पाण्यात धावले. ती हाका मारायला लागली. वारा होता. सगळ्यांना वाटलं ती "बाबा" म्हणतेय. पण वर्गातल्या चाळीस मुलांपैकी कोण कशी हाक मारतं हे मला पाठमोरी असतानाही कळतं. ती "बाई" म्हणत होती.

माझ्या शेजारी ते काका उभे होते. ते म्हणाले, "बाई, दोर ढिला पडलाय."

मी पाहिलं. दोघांच्या हातातला दोर वाळूवर सैल आला होता. गाठ सुटली होती. ओहोटी लागलेली, होडी समुद्राकडे तोंड करून चालली होती, आणि कॅमेरा चालू होता. मी ओरडले, "थांबवा, दोर सुटलाय." आधी कोणी वळलंच नाही. काका मात्र धावत सुटले होते. पलीकडे त्यांच्या पुतण्याची इंजिनाची होडी होती. ती पहिल्यांदा सुरू झाली नाही. दुसऱ्यांदाही झाली नाही. तेवढ्यात बारकीचं डोकं लाटेमागे दिसेनासं झालं, पुन्हा दिसलं, पुन्हा गेलं. मी मोजत होते की किती वेळाने दिसतं. किती मोजलं ते आठवत नाही. माझ्या तोंडात खारट पाणी होतं आणि मी तर पाण्यात कंबरेपर्यंतच होते.

तिसऱ्यांदा इंजिन लागलं.

काकांनी तिला उचलून आणलं. ती रडत नव्हती. वाळूवर उतरवल्यावर ती त्यांचाच हात धरून उभी राहिली. मी समोर बसले. मला वाटलं, आता ती हनुवटीला हात लावेल, विचारेल, मारेलसुद्धा. तिने काही विचारलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी जायचाय."

दिग्दर्शकाचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तो म्हणाला, "चेहरा असा आहे तोवर एक जवळून घेऊया का? दोनच मिनिटं."

मी तिला उचललं आणि चढण चढून रस्त्यावर आले. रत्नागिरीची एसटी मिळाली. ओल्या फ्रॉकमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. कंडक्टरने विचारलं, "पोर भिजली कशी?" मी एक फुल, एक हाफ तिकीट मागितलं.

कंपनीच्या फाटकावर मी आईला सगळं सांगितलं. मी काय म्हणाले तेही सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बारकीचे केस पदराने पुसले आणि म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवली होती, बाई."

जूनमध्ये आई शाळेचा दाखला न्यायला आली. बारकीला नाटे गावी मामाकडे ठेवणार होती. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, पालकांची इच्छा. आईने सही केली. बारकी आली नव्हती.

आता ती दहावीत असेल. नाटे गावातल्या एका शिक्षिकेकडून कळलं की अभ्यासात बरी आहे, वर्गाच्या फोटोला मात्र उभी राहत नाही.

तिसरा सिनेमा सगळ्यांत जास्त चालला. समुद्रावर वाऱ्यामुळे आवाज नीट घेता येत नाही, तो नंतर मुंबईत स्टुडिओत भरतात. त्यासाठी बारकी गेलीच नाही. मग दुसऱ्या कुठल्या तरी मुलीचा आवाज घातला.

रविवारी दुपारी तो लागला की सासूबाई मला हाक मारतात, "अगो, तुझी विद्यार्थिनी लागली." मी हात पुसत येते आणि उभी राहूनच बघते. होडी लांब जाते, बारकी जाळं उचलते, उठून हाका मारायला लागते. टीव्हीतून "बाबा, बाबा" ऐकू येतं. सासूबाई डोळ्यांना पदर लावतात. मी तिच्या ओठांकडे बघते. ते "बाई" म्हणतायत.